न झालेल्या ४८ सामन्यांविषयी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॅनडातल्या माँट्रियल एक्स्पोज या बेसबॉल संघाच्या १९९४ च्या मोसमावर तू लिहिलेला लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते आहे, आणि आपल्याकडच्या वाचकाला क्रिकेटबाहेरचे काही सांगावे ही तुझी इच्छाही मला आवडली. मात्र ‘हावरट खेळाडूंनी एका गुणी संघाच्या तोंडचा घास हिरावला’ हे तुझे पहिलेच वाक्य मी खोडले आहे. त्याचे कारण समासात मावेना, म्हणून हे पत्र.

लेखाची सुरुवात गुणतक्त्यापासून कर. ११ ऑगस्ट १९९४ च्या रात्री मेजर लीग या सर्वोच्च स्तरावरच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगच्या पूर्व विभागाचा जो तक्ता तयार झाला, तो पुढे कधी बदललाच नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून खेळाडू संपावर गेले. एक्स्पोज ७४ विजय, ४० पराभव. अटलांटा ब्रेव्हज ६८ विजय, ४६ पराभव, म्हणजे सहा सामने मागे. दोन्ही लीगमधल्या २८ संघांपैकी एकाचीही कामगिरी त्या दिवशी एक्स्पोजपेक्षा सरस नव्हती. १६२ सामन्यांच्या मोसमातले ४८ सामने शिल्लक होते आणि संघ ऐन भरात होता. अखेरच्या २३ सामन्यांपैकी २० त्याने जिंकले होते. संघाचे व्यवस्थापक फेलिपे आलू आणि त्यांचाच मुलगा मोइसेस संघातला एक प्रमुख फलंदाज. शिवाय लॅरी वॉकर, मार्क्विस ग्रिसम, १६ विजय नावावर असलेला पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) केन हिल आणि अजून तेविशीही न गाठलेला पेद्रो मार्टिनेझ. एवढा मोठा ताफा, आणि त्याचा एकूण पगार दोन कोटी डॉलरच्या आत, म्हणजे मेजर लीगमध्ये अगदी तळाशी. हा शेवटचा आकडा तू एका ओळीत उरकला आहेस. खरी गोष्ट त्यातच दडलेली आहे.

तुझ्यासारखीच चूक मीही केली होती, हे कबूल करतो. त्या वर्षी मी रात्रपाळीला क्रीडापानावर असे. संपाची तार आल्यावर ‘कोट्यधीशांचा संप’ असा मथळा मी मोठ्या हौसेने दिला. पाळीप्रमुखांनी चष्म्यावरून पाहत एवढेच विचारले, “मालक त्यांच्यापेक्षा गरीब आहेत का?” मथळा बदलला गेला, पण त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला पुढे पुष्कळ वाचन करावे लागले. संप हा शब्द आपल्या कानांवर गिरणगावातून पडलेला आहे. १९८२ च्या संपाने कशी घरे उद्ध्वस्त झाली हे आपण पाहिले किंवा ऐकलेले असते, त्यामुळे सरासरी बारा लाख डॉलर पगार घेणाऱ्यांनी तोच शब्द वापरला की आपल्याला राग येतो. तो राग स्वाभाविक आहे, पण लेखात त्याला जागा देऊ नकोस. पगार किती हा प्रश्न वेगळा आणि तो कोणी ठरवायचा हा वेगळा. हा संप दुसऱ्या प्रश्नावरचा होता.

तू विचारले आहेस की संपच करायचा होता तर मोसम संपेपर्यंत थांबता आले नसते का. नसते, आणि हे तुला पैशाच्या वेळापत्रकावरून कळेल. खेळाडूंशी असलेला करार ३१ डिसेंबर १९९३ रोजी संपला होता. जून १९९४ मध्ये संघमालकांनी पगारमर्यादेचा, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा घालण्याचा, प्रस्ताव मांडला. मोसम सरल्यावर बोलणी फिसकटल्याचे जाहीर करून मालक आपल्या अटी एकतर्फी लागू करू शकतील, ही खेळाडू संघटनेची भीती होती, आणि डिसेंबरात मालकांनी नेमके तेच केले. खेळाडूंचा पगार एप्रिल ते सप्टेंबर मिळतो, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांच्या पदरात बहुतेक रक्कम पडलेली असते. मालकांची मोठी कमाई मात्र ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांच्या प्रक्षेपणातून होते. त्यातच १ ऑगस्टला पेन्शन निधीत भरायचे सुमारे ७८ लाख डॉलर मालकांनी अडवून धरले. संघटनेचे प्रमुख डोनाल्ड फेर यांनी १२ ऑगस्ट ही तारीख संतापाच्या भरात निवडलेली नव्हती. खेळाडूंचे नुकसान सर्वांत कमी आणि मालकांचे सर्वांत जास्त होईल असा तो दिवस होता. १४ सप्टेंबरला हंगामी आयुक्त बड सेलिग यांनी उरलेला मोसम रद्द केला, आणि १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेविना वर्ष गेले.

आता मालकांची बाजूही नीट मांड, कारण तुझ्या दुसऱ्या मसुद्यात तू उलट्या टोकाला जाशील अशी मला धास्ती वाटते. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजलिसच्या संघाला स्थानिक प्रक्षेपणातून मिळणारा पैसा माँट्रियलला मिळणे अशक्य होते. तिकिटांची विक्री कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये. त्या वर्षी कॅनडाचा डॉलर सुमारे ७३ सेंटचा होता, म्हणजे दर पगाराच्या दिवशी संघाला विनिमय दराचा फटका बसे. श्रीमंत संघांनी उत्पन्नाचा काही वाटा लहान संघांना द्यावा, हा उपाय मालकांनी जानेवारी १९९४ मध्ये मान्यही केला होता. अट एकच, की खेळाडूंनी आधी पगारमर्यादा स्वीकारावी. थोडक्यात, गरीब भावाला द्यायची मदत श्रीमंत भावाने गड्याच्या मजुरीतून कापून द्यायची, असा तो बेत होता. एक्स्पोजच्या नावाने लढाई मांडली गेली आणि तिच्यात सर्वांत आधी एक्स्पोजच कामी आले.

आणखी एक गोष्ट तू गाळली आहेस. १९८१ मध्येही असाच संप झाला होता आणि जवळपास दोन महिने खेळ बंद होता. तेव्हा मोसमाचे दोन भाग करून प्रत्येक भागातल्या विजेत्याला बाद फेरीत घेण्यात आले. दुसऱ्या भागात पहिले आल्यामुळे एक्स्पोज बाद फेरीत पोहोचले. माँट्रियलमध्ये असेपर्यंत ही संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही. उलट, संपूर्ण वर्षाचा हिशेब धरता सर्वांत सरस ठरलेला सिनसिनाटीचा संघ घरी बसला. ज्या संघाला एका संपाने दार उघडून दिले, त्याच्याविषयी लिहिताना ‘संपाने नशीब फिरवले’ असे वाक्य तेरा वर्षांपूर्वीची दुसरी बाजू न सांगता लिहिता येत नाही.

यापुढचा भाग तू अवघ्या दोन परिच्छेदांत गुंडाळला आहेस, तिथे रेंगाळ. ३१ मार्च १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांच्या एकतर्फी बदलांविरुद्ध मनाई हुकूम दिला, दोन दिवसांत २३२ दिवसांचा संप मिटला, आणि बदली खेळाडू घेऊन मोसम सुरू करण्याची तयारी वाया गेली. मग एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच एक्स्पोजच्या कचेरीतून केन हिल सेंट लुईसला, पिचर जॉन वेटेलंड न्यूयॉर्क यांकीजला आणि ग्रिसम थेट प्रतिस्पर्धी ब्रेव्हजला देण्यात आला. वॉकरला मुक्त खेळाडू (करार संपल्याने कोणत्याही संघाकडे जाऊ शकणारा) म्हणून जाऊ दिले, तो कोलोरॅडोला गेला. त्या ऑक्टोबरात ब्रेव्हजने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा झेल ग्रिसमच्या हातात होता. माँट्रियलचा संघ विभागात तळाला राहिला. संप तोपर्यंत मिटलेला होता, आणि विक्रीचा निर्णय मालकपक्षाचा होता, हे दोन्ही मुद्दे एकाच वाक्यात यायला हवेत.

तरीही हा संघ एका घावात मेला असे लिहू नकोस. १९९६ मध्ये त्याने ८८ सामने जिंकून विभागात दुसरे स्थान मिळवले. १९९७ मध्ये मार्टिनेझने नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला, आणि लगेच त्यालाही बॉस्टनला देऊन टाकण्यात आले. पुढची सात वर्षे रिकाम्या खुर्च्यांची आहेत, ती तू चार ओळींत आटोपलीस तरी चालेल. २००४ नंतर संघ वॉशिंग्टनला गेला.

शेवटी एक दुरुस्ती. तुझ्या लेखात चार ठिकाणी ‘१९९४ चे खरे विजेते’ असा उल्लेख आहे, चारही काढ. ४८ सामन्यांत सहा सामन्यांची आघाडी गमावलेले संघ बेसबॉलमध्ये होऊन गेले आहेत, आणि न झालेल्या सामन्यांचा निकाल तुला ठाऊक नाही, मलाही नाही. २९ सप्टेंबर २००४ रोजी ऑलिम्पिक स्टेडियमवरच्या एक्स्पोजच्या अखेरच्या सामन्याच्या दिवशी १९९४ च्या संघासाठी एक फलक उलगडण्यात आला. त्यावर फ्रेंच आणि इंग्रजीत ‘बेसबॉलमधील सर्वोत्तम संघ’ एवढेच लिहिलेले होते. विजेते हा शब्द त्यांनीही वापरलेला नाही.

दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
एक जुना उपसंपादक