डोरोथीचा चौकडा किती मिलिमीटरचा?

प्रिय मुली,

'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) या चित्रपटातली डोरोथी बाहुलीत उतरवायचं तू ठरवलंस, छान केलंस. मात्र बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या 'हॉलिवुड लेजंड्स' मालिकेतली सीलबंद डोरोथी हाती लागली, तर तिला कात्री लावू नकोस. ती संग्रहात ठेव. कामासाठी कपडे नसलेली, खेळून जुनी झालेली साधी बार्बी घे. विकणारा पाठीवरचं '१९६६' दाखवून तिला त्या सालची म्हणाला, तर भुलू नकोस. ते साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे. १९९०च्या दशकातल्या बाहुल्यांवरही ते सापडतं.

माझ्या मते व्यक्तिरेखा चेहऱ्यापेक्षा मापावरून ओळखू येते. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे साधारण १:६. तेव्हा माणसाच्या कपड्यावरचं प्रत्येक माप सहानं भाग. नेहमीचं ६ मिलिमीटर चौकड्याचं गिंगहॅम, म्हणजे दोन रंगांच्या चौकड्यांचं सुती कापड, बाहुलीवर साडेतीन सेंटिमीटरच्या चौकोनांसारखं दिसतं, अगदी टेबलक्लॉथ. एक-दीड मिलिमीटरचा निळा-पांढरा चौकडा शोध. पातळ शर्टिंगमध्ये तो मिळण्याची शक्यता जास्त.

कापड बेतण्याआधी दोनदा धू आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघ. रंग सुटत असेल तर तो बाहुलीच्या प्लास्टिकमध्ये मुरतो आणि डाग राहतो, म्हणून वरच्या भागाला आतून पांढरं अस्तर लावच. शिवणीबाहेर माया ५ मिलिमीटर सोड, टाका दीड मिलिमीटर. घेर कमरेच्या अडीचपट पुरे. जास्त घेतलास तर चुण्यांचा गठ्ठा कमरेला साठतो आणि पिनाफोर (वरून घालायचा बिनबाह्यांचा झगा) फुगून उभा राहतो. पाठीला सर्वांत लहान टिचबटणं लाव.

डोकं काढायचं असेल तर ते दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात धर, त्याचं व्हिनाइल (लवचीक प्लास्टिक) मऊ होऊ दे आणि मगच हळूहळू ओढ. थंड डोकं ओढलं की मानेची खुंटी तुटते.

केस चेहऱ्याच्या आधी, हा क्रम मोडू नकोस. दोन शेपट्यांची टोकं स्ट्रॉच्या तुकड्यांवर गुंडाळ, वरून गरम पाणी ओत आणि पूर्ण दिवस वाळू दे. काही कृत्रिम केस उकळत्या पाण्यानं कुरकुरीत होतात, म्हणून आधी मागच्या चार केसांवर बघ.

चेहऱ्याचा जुना रंग कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून काढ, पण फक्त मऊ व्हिनाइलच्या डोक्यावर. धडाच्या कडक प्लास्टिकला ते लागलं की पृष्ठभाग विरघळतो. मग साबणानं धुऊन, वाळवून, मॅट सीलरचे (रंग टिकवणाऱ्या, न चकाकणाऱ्या फवाऱ्याचे) दोन पातळ थर दे, मध्ये अर्धा तास. हवा दमट असली की सीलर पांढुरका पडतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढूच नकोस. फवारा बाहेर उघड्यावर मार, वाफा अडवणारा रेस्पिरेटर लावून.

रंग कमी वापर. चित्रीकरणाच्या सुरुवातीला डोरोथी झालेल्या ज्युडी गार्लंडला सोनेरी विग आणि भडक मेकअप होता. दिग्दर्शक जॉर्ज क्युकॉर आला आणि त्यानं दोन्ही उतरवायला लावलं. तुझी बाहुलीही तिथेच फसेल. बार्बीच्या पापण्या आणि ओठ मुळात मोठे. त्यावर गडद रंग चढला की शेतावरची पोर जाऊन मॉडेल उभी राहते. गालांना सॉफ्ट पेस्टलची भुकटी, ओठांना फिकट गुलाबी, पापण्यांच्या चार-पाचच रेषा.

लाल बुटांना टिकल्या लावू नकोस. ५ मिलिमीटरची टिकली इथे ३ सेंटिमीटरची दिसते. लाल रंगावर सर्वांत बारीक ग्लिटरचे दोन थर आणि वर पारदर्शक लॅकर एवढं बस. आत फिकट निळे मोजे घाल. चित्रपटात आहेतच, शिवाय बुटांचा लाल पायाला लागत नाही.

कापड मिळालं की कापण्याआधी मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो पाठव.

तुझी,
मावशी