चार विसा दहा

महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले, वर्ग सुरू होऊन महिना उलटला की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी निरनिराळ्या आवाजांत ऐकू येऊ लागते. कधी आई बोलते, कधी वडील, कधी विद्यार्थी स्वतः. शब्द मात्र जवळजवळ तेच असतात. "मॅडम, शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजीच धड येत नाही आणि आता फ्रेंच घेतलंय. झेपणार आहे का?" पदवीच्या पहिल्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचा निवडीचा विषय, म्हणून फ्रेंच भाषा आणि संस्कृतीची तोंडओळख घेतलेली मुले माझ्याकडे येतात, त्यांतली निम्मी तरी तो सोडण्याची परवानगी मागायला आलेली असतात. या सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. तिला आपण सायली म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सायली कळव्याहून आईबरोबर आली. तीन आठवडे ती फ्रेंचच्या तासाला बसलेली नव्हती, आणि हजेरीचा निरोप घरी गेल्यामुळे प्रकरण उघड झाले होते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने स्वतःची ओळख करून द्यायची होती. फळ्यावरचे वाक्य तिने अक्षरे दिसतात तशी, इंग्रजीच्या वळणाने वाचले. 'ज्य मापेल' म्हणायचे तिथे 'जे मॅपेल' झाले आणि मागच्या बाकावरून हसू आले. वर्गातल्या दहा-बारा जणांनी शाळेत आठवीपासून फ्रेंच घेतलेले होते.

आई म्हणाली, "मी तिला तेव्हाच सांगितलं होतं, आपल्या घरात असलं कुणी शिकलेलं नाही, उगाच कशाला."

मी सायलीला विचारले, "हसले तेव्हा मनात काय आलं?"

"सगळ्यांना कळलं."

"काय कळलं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी कुठून आलेय ते."

या उत्तरावर मी अडखळले, कारण उच्चाराच्या चुकीचे उत्तर असे नसते. तोवर मीही नव्या भाषेची भीती, वेगात शिकवणारा वर्ग, अपुरा सराव याच दिशेने विचार करत होते. अर्थात ती कारणेही खोटी नव्हती. ज्या वर्गाला आपण बिगिनर म्हणतो त्यात तीन वर्षे शिकून आलेली मुले बसली, तर खरोखर शून्यापासून निघालेला विद्यार्थी स्वतःला मठ्ठ समजू लागतो. तिला मी पहिले काम दिले ते हेच, की शिक्षिकेला भेटून आपण पहिल्यांदाच शिकत आहोत हे स्पष्ट सांगायचे. तिने सांगितले, आणि शिक्षिकेने तिला पुढच्या बाकावर बसवले.

खरी कलाटणी तिसऱ्या भेटीत मिळाली. त्या आठवड्यात वर्गात अंक झाले होते आणि सायली चिडून आली होती. "मॅडम, ही काय भाषा आहे! सत्तरला म्हणायचं साठ-दहा. ऐंशीला चार-वीस. आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा!"

मी नकळत म्हणून गेले, "चार विसा दहा."

तिने मान वर केली. माझ्या लहानपणी आमच्याकडे धुणे-भांडी करायला येणाऱ्या मावशी पैसे विसांनी मोजत. शंभर म्हणजे पाच विसा. मी तिला विचारले, "तुमच्या घरात कुणी असं मोजत होतं का?" सायलीचे डोळे एकदम भरून आले. तिची आजी सावंतवाडीकडची, शाळा न पाहिलेली. पापड लाटून झाले की ती विसा-विसांच्या चळती लावून मोजते. "मैत्रिणी घरी आल्या की मी तिला सांगायचे, आजी, मनात मोज."

एवढे बोलून ती रडू लागली. मी तिला थांबवले नाही.

फ्रेंचच्या वर्गात निघालेली ही लाज फ्रेंचमुळे आलेली नव्हती. ती कळव्याच्या घरात, पापडांच्या चळतीपाशी केव्हाचीच मुक्कामाला होती. इतक्या वर्षांच्या कामात मला जे थोडेफार उमगले आहे त्यात हे एक मी वरचे मानते, की मूल ज्या विषयाला घाबरते तो विषय बहुधा त्याच्या जुन्या लाजेला मिळालेले नवे निमित्त असतो. अशा वेळी शिकवणी लावून भागत नाही.

मग मी तिला पॅरिसमधल्या एका रुग्णालयाविषयी सांगितले. तेराव्या शतकात राजा नववा लुई याने तीनशे अंधांसाठी तिथे एक आश्रयस्थान उभारले. त्याचे नाव 'कँझ-वँ', म्हणजे शब्दशः पंधरा विसा. आज तिथे डोळ्यांचे रुग्णालय आहे आणि नाव तेच आहे. उलट बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे लोक सत्तर आणि नव्वदला सरळ 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत' म्हणतात. म्हणजे तिच्या आजीचा हिशेब पॅरिसच्याच रीतीचा निघाला. सायली डोळे पुसता पुसता हसली. त्या भेटीत मी याहून अधिक काही बोलले नाही, आणि ते बरे केले असे आजही वाटते.

इथे पालकांसाठी थोडे थांबते. इंग्रजी कच्चे असले की फ्रेंच जमणार नाही हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. फ्रेंचमधले 'त्यू' आणि 'वू' म्हणजे आपले तू आणि तुम्ही. कुणाला काय म्हणायचे हे मराठी मुलाला जन्मापासून ठाऊक असते, इंग्रजीच्या एकट्या 'यू'मधून ते कळत नाही. निर्जीव वस्तूंना लिंग असते याचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण आपली खुर्चीही ती आणि त्यांचीही ती. विशेषण नामाप्रमाणे बदलते, तो गेला आणि ती गेली यांत जसा फरक होतो तसा तिथेही लिहिताना करावा लागतो. फ्रेंच 'त' आणि 'द' आपल्यासारखे दातांना जीभ लावून म्हणतात, आणि इंग्रजी वळणाची मुले तिथे 'ट', 'ड' म्हणून मोकळी होतात. नाकातले स्वर तर कोकणातल्या माणसाला शिकवावेच लागत नाहीत.

सगळेच सोपे आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. आपल्याकडे तीन लिंगे, त्यांच्याकडे दोनच; आपले नपुंसकलिंगी पुस्तक तिथे पुल्लिंगी होते, आपला चंद्र तिथे स्त्रीलिंगी. शब्दाच्या शेवटची व्यंजने लिहायची पण बहुतेक वेळा उच्चारायची नाहीत, याची सवय लागायला वेळ जातो. सुरुवातीचा महिनाभर उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्यास माझी हरकत नसते, पण पुढे ती कुबडी टाकावी, कारण त्यांचा घशातला 'र' आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा 'उ' आपल्या अक्षरांत मावत नाहीत. आणि केवळ गुण अधिक मिळतात म्हणून मराठी सोडून फ्रेंच घेऊ नये, असे माझे जुने मत आहे, ते या निमित्ताने नोंदवते.

आता सायलीकडे. मी ज्या विचारपद्धतीत घडले ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढा तिच्याविषयीच्या विचारातला 'च' छळतो, असे मी ती पद्धत समजावताना सांगते. मला आलेच पाहिजे, कुणी हसताच कामा नये. लाज मोडण्यासाठी एलिस लोकांना रेल्वेच्या डब्यात स्थानकांची नावे मोठ्याने पुकारायला लावत. सकाळच्या गर्दीत कळवा-ठाणे लोकलमध्ये असे काही सुचवण्याचे धैर्य माझ्यात नाही, म्हणून मी तिला बेताचे काम दिले. प्रत्येक तासाला उत्तराची खात्री नसताना एकदा तरी हात वर करायचा आणि नेमके कोण हसले, किती वेळ हसले, हे वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात दोघे हसले. दुसऱ्या आठवड्यात एक, तोही स्वतःच्याच चुकीवर. तिसऱ्या आठवड्यात नोंद करायची राहून गेली, असे ती ओशाळून म्हणाली. मला मात्र त्या कोऱ्या पानाचा मनातून फार आनंद झाला.

संस्कृतीच्या भागात सकाळच्या न्याहारीवर चार वाक्ये बोलायची होती. पुस्तकात पाव, लोणी, क्रोसाँ होते, आणि सायलीने आधी टोस्ट-जॅम असे खोटेच लिहिले होते. मी तिला एवढेच विचारले की घरी काय होते. घावणे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचे पातळ 'गालेत' करतात, ते पाहून तिने तांदळाच्या घावण्यांवर वाक्ये रचली. त्याच प्रांतात एके काळी शाळेत फ्रेंचऐवजी घरची ब्रेटन भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी खडावेसारखी वस्तू अडकवत, हेही मी तिला सांगितले. तिने विचारले, "म्हणजे त्यांच्यातही होतं हे?" मी मान हलवली.

तिच्या आईला मी एकच विनंती केली, की "आपल्या घरात कुणी शिकलेलं नाही" हे वाक्य यापुढे तिच्यासमोर उच्चारू नका. त्यांनी ते मनावर घेतले, जरी पहिल्यांदा ऐकताना त्या दुखावल्या होत्या.

शेवटच्या भेटीत आईने फ्रेंच भाषेच्या डेल्फ परीक्षेच्या ए-१ या प्राथमिक पातळीविषयी विचारले. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार भागांना प्रत्येकी 25 गुण असतात, प्रत्येक भागात किमान 5 आणि एकूण 100 पैकी 50 मिळवावे लागतात, आणि मिळालेले प्रमाणपत्र कधी कालबाह्य होत नाही, असे मी सांगत होते. घाई करू नका, वर्षभर थांबा, असेही सांगणार होते. तेवढ्यात सायली आईकडे वळून म्हणाली, "आजीला सांग, अडीच विसा मिळाले की पास."