हृदयाच्या ऑपरेशननंतर लहान मुलीला सिल्डेनाफिल द्यावं का?

ताई, मेडिकलवाला ‘हे तर पुरुषांचं औषध’ म्हणाला आणि तुम्ही 2 दिवस लेकीची गोळी बंद ठेवलीत, हे वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसले. ज्यांनी तिच्या हृदयाचं छिद्र बुजवलं, त्या डॉक्टरांना आत्ताच फोन लावा. हे औषध एकदम बंद केलं की फुप्फुसातलं प्रेशर उसळू शकतं. धाप लागत असेल, ओठ निळे दिसत असतील किंवा ती मलूल पडली असेल, तर फोनचीही वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

माझ्या मुलालाही हेच औषध होतं. आम्ही चाळीसगाव तालुक्यातले. अंगणवाडीच्या तपासणीत छिद्र कळलं, ऑपरेशन मुंबईला झालं. मीही मेडिकलच्या काउंटरवर मान खाली घालून उभी राहिलेय.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. छिद्रातून जास्तीचं रक्त फुप्फुसात जात राहिलं की तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि आकसलेल्या होतात. छिद्र बुजलं तरी त्या लगेच सैल पडत नाहीत, हृदयाला जोर लावावा लागतो. सिल्डेनाफिल त्यांना सैल करतं, रक्त सुरळीत वाहतं. ते मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासत होते. 1998 मध्ये पुरुषांच्या लैंगिक अडचणीसाठी बाजारात आलं आणि 2005 मध्ये मोठ्यांच्या फुप्फुसातल्या प्रेशरसाठीही अमेरिकेत मान्य झालं. मुलांना हृदयाचे डॉक्टर वजन बघून देतात. पण छिद्र उघडं असलेल्या प्रत्येक मुलाला ते चालत नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोराचा डोस कधीच विचारू नका.

आमच्याकडे दर 8 तासांनी होतं: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. एकदा नात्यातल्या लग्नाला गेलो आणि पुड्या घरीच राहिल्या. 2 डोस चुकले. रात्री मांडवात पोरगं धापा टाकत होतं, नखं जांभळी. मोटारसायकलवर त्याला मांडीवर घट्ट धरून दवाखान्यात नेलं, तो रस्ता मी विसरलेले नाही. त्यानंतर निम्म्या पुड्या कायम माझ्या पर्समध्ये.

सर्दी-तापासाठी गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी हे औषध चालू आहे हे आधी सांगा, काही अँटिबायोटिक्सनी त्याचा जोर वाढतो. आणि सोबत लघवी जास्त होण्याचं औषध असेल तर मे महिन्यात जपा, अंगातलं पाणी कमी होतं. आपल्याकडे पारा 45 वर जातो. अशात जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

फोन झाला की इथे लिहा, मी वाट बघतेय.