वाचकांचे प्रश्न : जंगल परत आणायचं, तर पेटवायचं कशाला?

प्रश्न : मुलीकडे फ्लोरिडात गेलो असताना अपालाचिकोला राष्ट्रीय वनात वनखात्याचेच लोक पाइनखालचं गवत पेटवताना दिसले. लाँगलीफ पाइनचं मूळचं जंगल परत आणण्याचं काम चालू आहे, असं कळलं. पण लावलेली रोपं चौथ्या वर्षीही गवताच्या झुबक्याएवढीच! खुरटली का ती? आणि इथल्या टेकडीवर आपणही हे करावं का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : खुरटलेली नाहीत. लाँगलीफचं रोप पहिली काही वर्षं खोड धरतच नाही. वर नुसता लांब सुयांचा झुबका, सगळी ताकद खाली सोटमुळात. बुंध्याची जाडी साधारण अडीच सेंटिमीटर झाली, की ते झपाट्याने उंच होतं. झुडपांची दाटी असेल तर याला दहा वर्षंही लागतात. झुबका बोटांनी बाजूला सारून पाहा : मधोमध पांढुरक्या खवल्यांचा जाड कोंब दिसेल. तो ताजा असेल, तर सुया करपल्या तरी रोप जिवंत आहे.

आगीत ओल्या सुया बाहेरून जळतात, कोंब वाचतो. सावली करणारी झुडपं मात्र जमिनीपर्यंत जळतात. सुयांवर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीरोग येतो, तोही रोगट सुयांबरोबर जातो. म्हणून तिथे दर दोन-तीन वर्षांनी, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढून, वारा बघून आग देतात. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ९ कोटी एकरांवर असलेलं हे जंगल बेसुमार तोड, मोकाट डुकरं आणि विसाव्या शतकात आगीवर आलेली बंदी यांमुळे ५ टक्क्यांच्याही खाली गेलं.

बरीच रोपं मरतात ती लावण्यातल्या चुकीने. हिवाळ्यात, साच्यात वाढवलेली रोपं मुळांच्या गोळ्यासकट लावतात. ६ बाय १२ फुटांवर लावली, तर एकरी सुमारे ६०० बसतात. गोळ्याचा वरचा काठ जमिनीच्या किंचित वर राहायला हवा. खोल गेला, तर पावसात माती वाहून कोंबावर बसते आणि रोप दगावतं. फार वर राहिला, तर गोळा वातीसारखी ओल उडवून टाकतो. दुसरा धोका रोप उंच व्हायला लागल्यावर : साल अजून पातळ आणि कोंब नेमका ज्वाळेच्या उंचीवर. तेव्हा एखादं वर्ष आग पुढे ढकलणंच शहाणपणाचं. आगीला पसरायला खाली गवत लागतं. तिथलं वायरग्रास तर वसंत-उन्हाळ्यात जाळलं तरच नीट फुलतं, बी धरतं. नुसती झाडं लावून हे जंगल परत येत नाही, ते यामुळेच.

आपल्या टेकडीवर मात्र आग नको. माळव्यातलं जंगल साग, धावडा, सालई, पळसाचं. इथे वारंवार आग लागली, की साग-पळसाची कोवळी रोपं दरवर्षी शेंड्यापासून वाळतात आणि घाणेरी (लँटाना, माजणारं परकं झुडूप) मुळापासून पुन्हा जोमाने फुटते. शिवाय राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. वनखात्याची परवानगी घेऊन घाणेरी काढा. फळं पिकण्याआधी कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार इंचांवर तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. नुसतं वरून छाटलं, तर दाट फुटवा येतो. मोकळ्या जागेत त्याच पावसाळ्यात मारवेल, कुसळी ही गवतं पेरा. पक्षी बसतात त्या झाडांखाली घाणेरीची रोपं पुन्हा उगवतील. निदान दोन पावसाळे ती हाताने उपटत राहा, माती ओली असताना.