पंचवीस म्हणलं की 52 लिहितात, त्याबद्दल

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आलेला, मी सकाळी चहा घेताना वाचला. प्रशिक्षणात सांगतात मुलांना स्वतः शिकू द्या, फळ्यापुढे उभं राहून बडबड करू नका, आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी म्हणतात पाढे घोकून घ्या, बाकी सगळं नाटक आहे, मग मी कुणाचं ऐकू, असं विचारलंयस. दोघांचंही ऐक, पण आधी पोरांच्या पाट्या बघ. तूच लिहिलंयस ना की दुसरीतली निम्मी पोरं पंचवीस म्हणलं की 52 लिहितात, मग तिथूनच सुरू करू.

मी जत तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर होते तेव्हा एक पोरगा होता, घरी कन्नड, शाळेत मराठी. पंचवीस म्हणलं की हमखास 52. मला वाटलं ह्याला दशकच कळला नाहीये, म्हणून काड्या दिल्या, तर पठ्ठ्या दोन गठ्ठे बांधून पाच सुट्या ठेवायचा, लिहायचा पण 25, आणि तोंडाने सांगितलं की परत 52! एकदा सहज म्हणलं, तुझ्या आईच्या भाषेत मोज रे, तर म्हणाला इप्पत्तैदु. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. वीस आधी, पाच नंतर, जसं लिहितो तसंच. आपल्या मराठीत पाच आधी ऐकू येतं आणि वीस नंतर, आता पोरगं ऐकलं त्या क्रमाने लिहिणार, त्यात त्याचं काय चुकलं सांग? मी दोन महिने त्याला भलतंच औषध देत होते.

2019 ला बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसला वीस एक, वीस दोन असं म्हणायचं आणलं तेव्हा तू कॉलेजात असशील. केवढा गदारोळ झाला, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत चेष्टा. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या सांगत होत्या की दक्षिणेतल्या भाषा अशाच मोजतात आणि जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिलेत. पण ऐकतंय कोण. ज्यांनी दुसरीच्या वर्गात एक आठवडा काढला असता ते हसले नसते असं माझं आपलं मत.

आता एकोणतीस घे. शब्दात तीस ऐकू येतंय आणि लिहायचं 29. हे तू वर्षभर पोरं गटात बसवून चर्चा घडवलीस तरी आपोआप कळणार नाही, कारण त्यात शोधण्यासारखं काही नाहीच, पूर्वीच्या लोकांनी एक उणा तीस असं म्हणायचं ठरवलं, एवढंच. ते सरळ सांगायचं, फळ्यावर लिहायचं, दहा वेळा म्हणून घ्यायचं, त्यात कसली लाज. डीएडला तो मुलं कशी शिकतात ते सांगणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे केलास ना, त्याने हाच फरक केलाय, माणसांनी ठरवलेलं ज्ञान वेगळं आणि मुलाने स्वतः संबंध जोडून तयार केलेलं वेगळं. (आपण सगळ्यांनी तो पियाजे घोकूनच पाठ केला ही गंमत वेगळीच.)

पण हातचा? तो सांगून कळत नाही गं. मी सुरुवातीची दहा वर्षं फळ्यावरच शिकवला, तेरातले तीन लिही, हातचा एक वर दे, पोरं धडाधड गणितं सोडवायची, मी खूश. एकदा एका हुशार मुलीला 38 अधिक 25 मधल्या त्या वरच्या एकावर बोट ठेवून विचारलं, हा कुणाचा एक गं? म्हणाली, बाईंचा. मी हसले खरी, पण त्या रात्री झोप लागली नाही. दहा सुट्यांचा गठ्ठा झाला आणि तो गठ्ठ्यांच्या घरात गेला, हे पोराच्या हातातनं घडावं लागतं, तू गप्प बसायचं, आणि गप्प बसणं लई अवघड असतं, जीभ वळवळते.

मग 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र ह्या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला, साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे पोरं स्वतः करून शिकतात अशा शाळांचा गट, तो बघायला गाड्या भरभरून शिक्षक जायला लागले, मीपण जाऊन आले आणि येऊन वर्गाची फरशी रंगवली. मन भरून आलेलं. आणि उत्साहाच्या भरात सराव बंदच करून टाकला, पाढे म्हणजे पाप. दिवाळीपर्यंत माझ्या तिसरीला गुणाकार म्हणजे काय ते छान कळलेलं पण सात आठे बोटावर मोजायची, आणि भागाकार आला की मध्येच दमायची, पुढचं सुचायचंच नाही. चूक कुमठ्याची नव्हती, मी अर्धंच उचलून आणलेलं. तेव्हा पाढे पाठ पाहिजेतच, फक्त आधी दोन, पाच, दहाचे चिंचोके मांडून बनवून घे आणि मग घोकव. घोकायला खिचडी खाऊन पेंगतात ती वेळ बेस्ट.

तुझी पहिली दुसरी एकत्र आहे ह्याचं रडू नकोस, उलट फायदा आहे. दुसरीला फळ्यावर सांगशील तेव्हा पहिली काड्यांशी खेळेल, आणि दुसरी गठ्ठे करत बसली की तू पहिलीला अक्षर गिरवून घेशील, म्हणजे दोन्ही पद्धती आपसूक वापरल्या जातात, एकाच पद्धतीने दिवस काढायचा म्हणलास तरी जमणार नाही. गलका होईल. तपासणीला केंद्रप्रमुख आले की गलक्याला घाबरून सगळ्यांना हाताची घडी घालायला लावू नकोस, त्यांना एका पोराशेजारी बसव आणि त्यांनाच त्या पोराला विचारू दे.

आणि शिक्षणसेवकाच्या 16 हजारात दुकानातलं साहित्य आणत बसू नकोस, काड्या नि चिंचोके पोरं घरनं आणतात.

सोमवारी पोरांना सांगायला एवढे आकडे घे, पंचवीस, बावन्न, एकोणतीस, चाळीस, सत्तेचाळीस. तोंडाने सांग, मग तेच काड्यांनी मांडायला लाव, आणि कोण कुठे चुकलं ते वेगवेगळं लिहून ठेव, तोंडाने चुकणारे वेगळे आणि काड्यांत चुकणारे वेगळे. पाट्यांचे फोटो पाठव मला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की फोन कर, मी घरीच आहे.

तुझी,
बाई