जायच्या गाडीआधी परतीची एसटी पाहा

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी दारव्हा तालुक्यातला, बियाण्याच्या कंपनीत सेल्सला आहे. यवतमाळ-वाशीमची कृषी केंद्रं बाईकवर, दर आठवड्याला नागपूरला मिटिंग अन् महिन्यातून एकदा मुंबई. कंबर कामातून गेली, जेवणाचा ठिकाणा नाही, मुंबईहून आलो की दोन दिवस डोकंच चालत नाही. बायको म्हणते नोकरी सोडा. काही उपाय सांगा.

उत्तर : नोकरीचं तुम्ही अन् वहिनी पाहून घ्या, मी प्रवासाचं सांगतो. आपल्याकडचे लोक जायची गाडी दहादा पाहतात अन् परत येऊन गावी कसं पोचायचं ते स्टेशनवर उतरल्यावर पाहतात, अन् माणूस थकते ते तिथंच. आता सेवाग्राम एक्सप्रेस घ्या, मुंबईहून दुपारी निघते म्हणून मिटिंग लवकर आटोपली की सारे पळतपळत तीच धरतात, अन् ती तुम्हाला भर रात्री धामणगावला उतरवून मोकळी होते. मग बॅग उशाशी घेऊन बाकड्यावर मच्छर मारत यवतमाळची पहिली एसटी कधी लागते याची वाट पाहा, नाही तर गाडीवाला मागन तेवढे पैसे द्या. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी निघते, धामणगावला सकाळी सोडते, तोंड धुवा, चहा-पोहे खा, एसटीत बसा. अंतर तेवढंच, पण रात्रभराची झोप हातात राहते नं. तुम्हाला नेरवरून बडनेराही जमते, मग अमरावती एक्सप्रेस पाहा, ती अमरावतीहूनच सुटते.

तिकिटाचं म्हणाल तर महिन्याच्या मिटिंगची तारीख बॉसकडून आधीच काढून घ्या. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडते (नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० होते), तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० ला अन् स्लीपरचं ११ ला, त्याला आधार जोडलेलं आयआरसीटीसीचं खातं लागते, तर ते आजच जोडून ठेवा, ऐन १० वाजता ओटीपीची वाट पाहण्यात काही मजा नाही. वेटिंगवर स्लीपरमध्ये घुसायचं मे २०२५ पासून बंद आहे. अन् कंबर दुखते म्हणून लोअर मागू नका बाप्पा, रात्री १० पर्यंत खालचा बर्थ हा गावचा पार असते, कोणीही येऊन बसते. अप्पर घ्या, चढा अन् झोपा. उंच असाल तर साईडचा नको, पाय दुमडूनच रात्र जाते.

कंबरेचं खरं कारण मला तुमची बाईक वाटते, ट्रेन नाही. सॅम्पलची पिशवी पाठीवर अडकवून गाडी चालवता का? बहुतेक पोरं तसंच करतात. ती मागच्या सीटला बांधा, अन् दुकानात गेलं की लगेच खुर्चीवर बसू नका, उभ्याउभ्यानं ऑर्डर घ्या. तुमचा सीझन नेमका मे-जूनचा, कपाशीचं बियाणं घ्यायला गर्दी होते तेव्हाच आपल्याकडे पारा ४५ च्या वर, तर लांबची दुकानं सकाळी ११ च्या आत उरका, दुपारी जवळच्या दुकानात बसून उधारीचा हिशोब करा. हेल्मेटखाली ओला दुपट्टा, अन् डिक्कीत ओआरएसची पुडी. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची, अर्धी अर्धी करायची नाही. पुडी नसली तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे.

नागपूरला समृद्धीनं जाऊन राहिले असाल तर बाईक तिथं चालत नाही, अन् कोणाच्या कारमध्ये जात असाल तर मिटिंग संपल्यावर रात्री ११ ला निघू नका. तो रस्ता इतका सरळ आहे की डोळा कधी लागला ते ड्रायव्हरलाही समजत नाही. मी तर म्हणतो एसटीनंच जा, झोपता तरी येते.

प्रश्न : ताई-दादा, आमचा पुसदकडे बचत गट आहे, पापड-शेवया घेऊन प्रदर्शनांना जावं लागते, मुंबईच्या महालक्ष्मी सरसलाही गेलो. बाथरूमची सोय नसते म्हणून मी प्रवासात पाणीच पीत नाही. बरोबर आहे का?

उत्तर : नाही ताई, बिलकुल नाही. लघवीची जळजळ तिथूनच सुरू होते. पाणी घोट घोट प्या, अन् जिथं गाडी दहा मिनिटं थांबते त्या मोठ्या डेपोत जाऊनच या, कंडक्टरला आधी सांगून ठेवा. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे अन् ते शिवशाहीलाही चालते, म्हणून गर्दीची गाडी सोडून थोडी बरी धरायला हरकत नाही. फक्त आदिलाबादकडे गेल्या तर सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. मोठ्या स्टेशनवर पहाटे उतरल्या तर कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर रिटायरिंग रूम ऑनलाईन मिळते, दोघी-तिघींत ती लॉजपेक्षा परवडते, अंघोळ करून स्टॉलवर उभं राहा. वर्धा-कळंब रेल्वे फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, रूळ पुसदपर्यंत येतील तेव्हा येतील, तोवर माल ट्रान्सपोर्टनं आधी रवाना करा अन् स्वतःजवळ फक्त सॅम्पलचा डबा ठेवा. पापड मात्र डब्यातच, पिशवीत नेले की पोचेपर्यंत अर्धा चुरा होते.