डांबरगोळीचा वास जात नाही : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

मी लहान मुलांचा डॉक्टर. कपाटाच्या वासाबद्दल मला का विचारतात, हे सुरुवातीला मलाही कळत नसे. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांसाठी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरतात, गोधड्या निघतात, आणि पंधरा दिवसांत पत्रांचा गठ्ठा येतो. दिवाळीनंतर स्वेटर निघाले की दुसरा गठ्ठा. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

लोखंडी कपाटात दोन वर्षं डांबरगोळ्या होत्या. काढून महिना झाला, वास तसाच आहे. व्हिनेगरने पुसलं, सोडा ठेवला, कॉफीची पूड ठेवली. अजून काय करू? (जळगाव)

आधी कोपरे बघा. खणाच्या फटीत, कागदाखाली, एखाद्या शालूच्या घडीत झिजून ज्वारीच्या दाण्याएवढी झालेली गोळी हमखास सापडते. ती आहे तोवर बाकी सगळे उपाय फुकट.

डांबरगोळी बहुधा नॅप्थालीन नावाच्या रसायनाची असते. व्हिनेगर, सोडा, कॉफी यांनी त्याचं फारसं काही बिघडत नाही. अगरबत्ती आणि अत्तर तर वासावर दुसरा वास चढवतात. नॅप्थालीन हा घन पदार्थ वितळल्याशिवायच हवेत उडून जातो. तो बाहेर घालवायला वारा आणि उष्णता लागते, आणि या दोन्हींची खानदेशात मे महिन्यात टंचाई नाही. कपाट रिकामं करा, साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, दारं उघडी ठेवा. खोलीची खिडकी उघडून पंखा असा लावा की हवा बाहेर फेकली जाईल. शक्य असेल तर कपाट दोन-चार दिवस अंगणात उन्हात ठेवा. उरलेल्या वासाला सक्रिय कोळशाच्या पिशव्या मिळतात, त्या काम करतात. चुलीतला कोळसा नव्हे. लाकडी कपाट असेल तर मात्र धीर धरा, लाकूड वास पिऊन बसतं आणि महिने घेतं. प्लास्टिकचे डबे आणि फोमच्या गाद्यांचंही तेच. फार जुनं असेल तर टाकून द्या.

आणि एक लक्षात घ्या. वास येतो म्हणजे ती गोळीच तुमच्या नाकात येते आहे. आत जीव घुसमटत असेल, डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर त्या खोलीत झोपू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

साड्या तीनदा धुतल्या तरी वास जात नाही. (पाचोरा)

जाणार नाही. लीटरभर पाण्यात जेमतेम ३० मिलिग्रॅम नॅप्थालीन विरघळतं. आधी दोन-तीन दिवस वाऱ्यावर, मग धुणं, मग परत ऊन. रेशीम सावलीत. बंद खोलीत इस्त्री करू नका, गरम इस्त्रीने तीच वाफ तोंडावर येते.

बाळ नऊ दिवसांचं आहे. सुनेचं पहिलं बाळंतपण. पाचव्या दिवसापासून पिवळं दिसतं, अंगावर दूध पीत नाही, निजूनच असतं. जुनी दुपटी धुऊन वापरतो, थोडा डांबरगोळीचा वास आहे. त्याने काही होतं का? सकाळचं कोवळं ऊन देतो आहोत. (शिरपूर तालुका)

पत्र माझ्या हाती पडायला चार दिवस लागले. पाठवणाऱ्या ताईंना मी लगेच फोन केला, आणि फोनवर मी जरा जोरात बोललो याबद्दल क्षमा मागत नाही. पिवळं झालेलं आणि दूध सोडलेलं नवजात बाळ हा पत्राचा विषय नाही. तो त्याच तासाला लहान मुलांच्या दवाखान्यात जाण्याचा विषय आहे. बाळ आता दाखल आहे, काविळीच्या उपचारासाठी निळ्या दिव्याखाली आहे. पुढचं तिथले डॉक्टर बघतील.

पण हा प्रश्न मी सोडणार नाही, कारण हेच मला दर वर्षी भेटतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. आजीने लेकीच्या वेळची दुपटी, झबली, टोपडी पेटीत जपून ठेवलेली असतात. जपून म्हणजे काय, तर मूठभर डांबरगोळ्या टाकून. ती दुपटी निघतात. बाळाला तेल चोपडून मालीश होते, शेक होतो आणि त्याच दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलं जातं. नॅप्थालीन तेलात सहज विरघळतं. तेल लावलेल्या कातडीतून ते अधिक सहज आत जातं आणि श्वासातून जातं ते वेगळंच. एवढ्या प्रेमाने, एवढ्या नीटनेटकेपणाने विष गुंडाळण्याची रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

आत गेल्यावर नॅप्थालीनपासून शरीरात जे पदार्थ बनतात ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. काही मुलांच्या पेशींत जीसिक्सपीडी नावाचं संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असतं. आईकडून येणारा हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो. एरवी मूल ठणठणीत असतं, घरात कुणाला कल्पनाही नसते. अशा बाळाच्या पेशी पटापट फुटतात, बिलिरुबिन म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य चढतं, आणि ते फार चढलं तर मेंदूत उतरतं. मग ऐकू न येणं, हातपाय वाकडे होणं, हे आयुष्यभराचं. १९६३ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी नॅप्थालीनच्या वाफेने रक्त फुटलेल्या २१ नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या १२ जणांत हा दोष होता. म्हणजे बाकीच्यांत तो नसतानाही रक्त फुटलं. तेव्हा ‘आमच्या घराण्यात तसं काही नाही’ म्हणून सुटका नाही. साठ वर्षांपूर्वीची ही माहिती आमच्या पेट्यांपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

दवाखान्यात आज्या मला ऐकवतात, ‘आम्हना पोरेस्ले काय व्हयनं?’ आजी, तुमच्या पोरांना काही झालं नाही याचा मला आनंद आहे. ज्यांच्या पोरांना झालं त्यांच्या घरी ‘कावीळ झाली होती, गेलं बिचारं’ एवढंच बोललं गेलं. पेटीचं नाव कुणी घेतलं नाही.

आता कोवळं ऊन. वाढत्या काविळीला ऊन हा उपचार नाही. त्यात दोन दिवस जातात, आणि नेमके तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात. कावीळ उतरवणाऱ्याकडे तर जाऊच नका. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं, ‘बघा, निघाली’ म्हणतात. आंब्याची साल हातावर चोळून चुन्याच्या पाण्यात बुडवली तर माझ्याही हाताचं पाणी पिवळं होईल, मला कावीळ नसताना. जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त झालं किंवा लघवी गडद झाली तर रात्र असली तरी निघा.

बाळाच्या कपड्यांचं मी एकच सांगतो : डांबरगोळीच्या पेटीतलं काहीही बाळाच्या अंगाला लावू नका. धुऊनही नको. नवीन बाळंतविडा आला तरी दुकानातल्या गठ्ठ्याचा वास येतो का बघा, धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि तरी वास राहिला तर बाजूला ठेवा. बाळंतिणीच्या गोधडीलाही हाच नियम. ज्या खोलीत पेटी उघडता तिथे बाळ नको.

जाता जाता, मेंदीचंही तेच. मेंदीतलं रंगद्रव्य नॅप्थालीनच्या नात्यातलं आहे, आणि जीसिक्सपीडी कमी असलेल्या बाळांत त्यानेही रक्त फुटल्याची उदाहरणं आहेत. आखाजीला तुम्ही हौसेने काढा, तान्ह्याच्या तळव्याला नको.

आमच्या मुलाची सिकलसेलची तपासणी शिबिरात झाली, निगेटिव्ह आली. म्हणजे डांबरगोळीची भीती नाही ना? (नंदुरबार)

आहे. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा दुसराच आनुवंशिक आजार. ती तपासणी वेगळी, ही वेगळी. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी होते हे फार चांगलं आहे, पण तिच्यातून जीसिक्सपीडी कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र रक्ततपासणी आहे, ती डॉक्टरांना विचारून करा. त्यातही एक गोम आहे. रक्त नुकतंच फुटलेलं असताना तपासणी केली तर जुन्या पेशी निघून गेलेल्या असतात, कोवळ्या पेशींत हे द्रव्य भरपूर असतं, आणि दोष असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणून काही महिन्यांनी परत करावी लागते. दोष निघाला तर कागद जपून ठेवा आणि हिवतापाच्या औषधाआधी, विशेषतः प्रायमाक्वीनच्या आधी, डॉक्टरांना आठवणीने दाखवा.

दीड वर्षाच्या नातीने बेसिनमधली रंगीत गोळी तोंडात घातली, थोडी चघळली. दूध पाजलं, आता ती खेळते आहे. (भुसावळ)

खेळते आहे म्हणून गाफील राहू नका. नॅप्थालीनचा त्रास लगेच दिसत नाही. एक ते पाच दिवसांत मूल पांढरं पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. आजच नेऊन दाखवा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. पाकीट नसेल तर उरलेली गोळी न्या.

दूध पाजलं ते चुकलं. दूध, तूप, तेल यांनी नॅप्थालीन उलट जास्त शोषलं जातं. उलटी करवू नका, मिठाचं पाणी तर मुळीच नको. एम्सच्या विषबाधा केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, पण मूल झटके देत असेल किंवा गुंगीत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

या गोळ्यांना लिमलेटच्या गोळीसारखा गुलाबी-हिरवा रंग आणि गुलाबाचा वास का देतात, ते बनवणाऱ्यांनाच विचारायला हवं. बेसिन दीड वर्षाच्या मुलाच्या हाताशी नाही असं समजू नका, बादलीवर चढून ती सगळीकडे पोहोचतात.

दुकानदार म्हणतो, आता नॅप्थालीन येतच नाही, ही ‘नॅचरल’ आहे. ओळखायचं कसं? (धुळे)

पाकिटावर घटक वाचा. ‘नॅचरल’, ‘हर्बल’ हे घटक नाहीत. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात : नॅप्थालीन, पॅराडायक्लोरोबेंझीन आणि कापूर. सुटी गोळी असेल तर टाकाऊ ग्लासात साधं पाणी घेऊन त्यात टाका. तरंगली तर कापूर. बुडाली तर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. त्यात वर आली तर नॅप्थालीन, तरीही तळाशी राहिली तर पॅराडायक्लोरोबेंझीन. ग्लास फेकून द्या.

यातून निवड मात्र करू नका. पॅराडायक्लोरोबेंझीन रक्त फोडण्याच्या बाबतीत सौम्य आहे एवढंच. हे आणि नॅप्थालीन दोन्ही माणसात कर्करोग करू शकण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या जागतिक यादीत आहेत. युरोपीय संघात २००८ पासून नॅप्थालीनच्या गोळ्यांची विक्री बंद आहे. आणि कापूर देवासमोर शोभतो, मुलाच्या पोटात गेला तर काही मिनिटांत झटके आणतो. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावं.

मग कपड्यांत ठेवायचं काय? कसर लागते. (अमळनेर)

सुती कपड्यांत काहीच नको. कपडे खाणारी पतंगाची अळी लोकर आणि रेशमावर जगते, सुती गोधडीकडे ती ढुंकून बघत नाही. म्हणजे आपल्या निम्म्या पेट्यांतल्या गोळ्या नुसत्याच सवयीच्या आहेत. चंदेरी कसर खळ खाते, म्हणून ठेवणीतल्या सुती साड्यांना खळ घालू नका. शाली, स्वेटर, पैठण्या स्वच्छ, पूर्ण कोरड्या करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी झटका, वारा द्या. फडक्यात बांधलेला सुका कडुनिंब किंवा वेखंड ठेवायला माझी हरकत नाही, फक्त त्यावर भरवसा ठेवू नका. आणि वेखंड हाताशी आहे म्हणून बाळाला उगाळून देऊ नका. तो वेगळा लेख होईल.

शेतातल्या घराभोवती साप येऊ नये म्हणून टाकतो. (रावेर)

साप त्याला घाबरत नाही. गवत काढा, उंदीर कमी करा, रात्री बॅटरी घ्या. चावला तर थेट दवाखाना.

कूलरच्या पाण्याला वास येतो, टाकीत दोन गोळ्या टाकल्या तर? (चाळीसगाव)

अख्ख्या घरभर नॅप्थालीन फिरवायची इच्छा असेल तर जरूर. नसेल तर आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, एक दिवस कोरडी ठेवा. त्याने डासही कमी होतील.

गहू-दादरच्या (दादर म्हणजे रब्बी ज्वारी) कोठीत डांबरगोळ्या चालतील का? काही जण सल्फास टाकतात. (चोपडा)

डांबरगोळी धान्यात नको, भाकरीतून पोटात जाते. आणि सल्फास म्हणजे धान्यातली कीड मारायच्या विषारी गोळ्या, त्यांचं नाव घराच्या आत काढू नका. त्यातून निघणाऱ्या फॉस्फीन वायूवर उतारा नाही. ते औषध सामान्य माणसाला विकायची परवानगीच नाही, आणि तुम्हाला कुणी सुटं विकत असेल तर तो तुमचा हितचिंतक नाही. धान्य कडक उन्हात वाळवा, थंड करून हवाबंद कोठीत भरा. जास्त साठा असेल तर कृषी सहायकाला विचारा. कोठीजवळ आधीच काही ठेवलं असेल तर मुलांना तिथे झोपवू नका, आणि आज रात्रीच जागा बदला.